भिंत बुजवण्याआधी

गणपती पंधरा दिवसांवर आले की कर्जत, नेरळ, चौक, खोपोली या पट्ट्यातल्या वायरमनचे फोन थांबत नाहीत. यंदा मखराची जागा बदलली, तिथे प्लग हवा. फ्रीज दाराआडून ओट्याजवळ आणला, बोर्ड तीन फूट सरकवायचा आहे. मुंबईहून लेक-जावई येणार, त्यांच्या खोलीत एसीचा पॉइंट काढायचा आहे. फोनवर प्रत्येक जण हेच म्हणतो, "जरासंच काम आहे." गवंडी घरात आलेलाच असतो. तो म्हणतो, झिरी मी मारून देतो, वायर कुणाकडून तरी ओढून घ्या. संध्याकाळपर्यंत सिमेंट भरून होतं, दोन दिवसांनी रंग लागतो आणि पुढची वीस वर्षं आत काय आहे ते कुणाला दिसत नाही.

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत मी पंचवीस वर्षं वायरिंगची कामं केली आणि दुसऱ्यांनी केलेली उघडूनही पाहिली. त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. बोर्ड सरकवताना जे चुकतं ते भिंत बुजवण्याआधीच चुकतं. म्हणून विचारायचं, तपासायचं आणि लिहून घ्यायचं तेही भिंत उघडी असतानाच. हा लेख त्या एक-दोन दिवसांसाठी आहे.

हे काम कायद्याच्या नजरेत

घरात बल्ब बदलणं, पंखा बदलणं, फ्यूज बांधणं, बिघडलेल्या स्विचच्या जागी तसाच दुसरा बसवणं ही कामं घरमालकाने स्वतः केली तरी चालतात. अट एवढीच, की त्यामुळे वायरिंगची क्षमता किंवा तिचं स्वरूप बदलता कामा नये. सॉकेट एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर नेलं की वायरची लांबी, वाट आणि पुष्कळदा भारही बदलतो. हा मूळ वायरिंगमधला फेरबदल झाला. असं काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच, आणि सक्षमतेचं प्रमाणपत्र किंवा परवाना असलेल्या माणसाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली व्हावं, असा नियम आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत तो ४५ व्या नियमात होता. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांत तो आला आणि २०२३ च्या विनियमांतही कायम आहे.

आपल्याकडे तारतंत्री, पर्यवेक्षक आणि ठेकेदार असे वेगवेगळे परवाने असतात. आयटीआयमधून वीजतंत्री किंवा तारतंत्री होऊन आलेला मुलगा कामात हुशार असेलही, पण प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. काम देताना "परवाना दाखव बाबा" असं म्हणायला आपल्याला भीड वाटते. मुलीचं स्थळ बघताना दहा घरी चौकशी करणारे आपण, जिच्यावर सगळं घर झोपतं त्या भिंतीत वायर घालणाऱ्याला एक प्रश्न विचारत नाही. विचारावा. परवान्याचा क्रमांक आणि मुदत मोबाइलमध्ये टिपून घ्यावी. खरा परवानाधारक याने दुखावत नाही.

"महावितरणचा लाईनमन ओळखीचा आहे, तोच करून देईल," असंही पुष्कळ जण म्हणतात. खांबावरचं काम आणि घरातलं काम ही दोन वेगळी कामं आहेत. त्याने सुट्टीच्या वेळात तुमच्या घरात काही केलं म्हणून ते महावितरणचं काम होत नाही, आणि उद्या काही बिघडलं तर त्याची जबाबदारी महावितरणकडे जात नाही.

मीटरच्या अलीकडे, मीटरच्या पलीकडे

जबाबदारीची रेषा साधारण मीटरपाशी पडते. खांबावरची तार, घरापर्यंत आलेली सर्व्हिस वायर, मीटर आणि त्याचं सील हे महावितरणचं. ते सुरक्षित ठेवणं तिचं काम. मीटरमधून बाहेर पडून घरात शिरलेली प्रत्येक वायर ग्राहकाची, आणि ती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी ग्राहकाची, असं विनियम स्पष्ट सांगतात.

या रेषेच्या दोन बाजूंना न्यायालयं कशी बघतात याची जाण असावी. मध्य प्रदेशात पावसाचं पाणी साचलेल्या रस्त्यावर वीज मंडळाची तार तुटून पडली होती. अंधारात सायकलवरून घरी निघालेला एक कामगार त्या तारेने गेला. मंडळाचं म्हणणं होतं, की दुसऱ्याच कुणी चोरून वीज घेण्यासाठी वायर टाकली होती, तीच तुटली. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ते मानलं नाही. वीज ही मुळातच धोकादायक गोष्ट, तिचा व्यवसाय करणाऱ्याने चूक कुणाची हे न पाहता भरपाई द्यावी, असा निकाल दिला. हे संरक्षण रस्त्यावरच्या तारेसाठी आहे. स्वयंपाकघरातल्या सरकवलेल्या सॉकेटमधून शॉक बसला तर प्रश्न वेगळे विचारले जातात: काम कुणी केलं, त्याला परवाना होता का, कुणी करवून घेतलं, त्रुटी माहीत असून वापर चालू ठेवला का?

निष्काळजीपणाने मृत्यू घडवणं हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. पूर्वीच्या दंडसंहितेत ही मर्यादा दोन वर्षं होती. जीव गेला नाही पण धोक्यात आला, तर कलम १२५ आहे. ही कलमं काम करणाऱ्यापुरती थांबतीलच असं नाही. अर्थिंग नसलेलं सॉकेट आहे हे माहीत असून त्यावर पाहुण्यांसाठी गिझर लावून देणाऱ्यालाही उत्तर द्यावं लागू शकतं.

आपल्या भागात याचा एक खास पैलू आहे. कर्जत-खालापुरात फार्महाऊस खूप. मालक ठाण्या-मुंबईला, आणि वर्षभर घरात वावरतं ते सांभाळणाऱ्याचं कुटुंब. शनिवार-रविवारी पाहुणे येतात, एसी आणि गिझर चालतात. बाकीचे दिवस तीच ओली पंपखोली आणि तोच बाहेरचा उघडा बोर्ड त्या कुटुंबाच्या वाट्याला. "तात्पुरतं करून घे" असा फोन करणाऱ्या मालकांना माझी विनंती आहे: सॉकेटला तुमचं मूल हात लावणार असतं तर तुम्ही जेवढी काळजी घेतली असती, तेवढी तिथे घ्या. कायद्याच्या दृष्टीनेही त्या कुटुंबाच्या सुरक्षेसाठी पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल. घर पैसे घेऊन पाहुण्यांना देत असाल तर वीजजोडणी कोणत्या वर्गात आहे तेही पाहा. घरगुती जोडणीवर व्यवसाय चालवणं हा विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरू शकतो, आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते.

आपला पाऊस आणि आपल्या भिंती

पुस्तकातला नियम सगळीकडे सारखा असतो, भिंत सारखी नसते. माथेरानच्या पायथ्याला आणि बोरघाटाखाली वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलैत पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीवर पावसाचा मारा बसतो आणि आतून पोपडे सुटतात. अशा बाहेरच्या भिंतीत नवा बोर्ड घेऊ नका. आतली, दोन खोल्यांमधली कोरडी भिंत निवडा. दोन मीटर वायर जास्त लागली तरी चालेल. उन्हाळ्यात काम करवून घेत असाल तर गेल्या पावसाळ्यातले ओलीचे डाग रंगाखाली गेलेले असतात, म्हणून घरातल्या बायकांना विचारा. कुठली भिंत ओल धरते हे त्यांना अचूक माहीत असतं.

उल्हास नदीच्या काठची घरं, नेरळ-कर्जतचे सखल भाग, पाताळगंगेच्या कडेची गावं यांनी २६ जुलै २००५ चं पाणी पाहिलं आहे आणि जुलै २०२१ चंही. पाणी कुठवर चढलं होतं ती रेघ भिंतीवर नसली तरी घरच्यांच्या लक्षात असते. बोर्ड हलवायचाच आहे तर तो त्या रेघेच्या वर न्या. खालचे सॉकेट्स वेगळ्या एमसीबीवर घ्या, म्हणजे पाणी अंगणात आलं की तेवढीच लाईन बंद करता येते. बोर्डात एकदा पाणी शिरलं असेल, तर तो उन्हात वाळला म्हणून चालू करू नका. वायरमनकडून मेगर लावून इन्सुलेशन तपासून घ्या आणि मगच मेन टाका.

अर्थिंगचा प्रश्नही इथे वेगळा आहे. खाली काळा कातळ, वर हातभर मुरूम. पावसात खड्डा ओला असतो, तेव्हा अर्थिंग चांगलं लागतं. एप्रिल-मे महिन्यांत माती सुकते आणि तेच अर्थिंग कमजोर पडतं. कोळसा-मिठाचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात दर आठवड्याला त्यात बादलीभर पाणी ओतायला हवं, आणि तपासणी करायची ती मे महिन्यात. जुलैत घेतलेलं माप तुम्हाला फसवील.

जुन्या कौलारू घरांत अजून लाकडी पट्टीवरची वायरिंग दिसते. नेरळच्या एका घरात फ्रीजसाठी सरकवलेला बोर्ड उघडला, तेव्हा भिंतीतली जुनी वायर ॲल्युमिनियमची होती आणि पुढे जोडलेली नवी तांब्याची. दोन्ही एकमेकींना पिळून वर काळी टेप मारली होती. टेप हाताला लागताच बिस्किटासारखी तुटली. आतला पीळ करडा पडला होता, आणि वायरचं आवरण दोन इंचांपर्यंत तपकिरी होऊन कडक झालं होतं. तांबं आणि ॲल्युमिनियम कमी-जास्त प्रसरण पावतात, जोड सैल होतो, वर गंज बसतो, रोध वाढतो आणि जोड तापत राहतो. त्या घरात एकदाही एमसीबी पडली नव्हती, कारण करंट जास्त नव्हता, फक्त जोड वाईट होता. तो जोड गवंड्याने सिमेंटात पुरला होता.

जागा ठरवताना

भिंतीवर पेन्सिलने खूण करण्याआधी थोडा विचार करा. न्हाणीघरात आंघोळीच्या जागेजवळ १३० सेंटीमीटरच्या खाली सॉकेट नको. गिझरचा स्विच दाराबाहेर असेल तर उत्तम. ओट्यावरचा बोर्ड नळापासून आणि सिंकपासून इतका लांब असावा, की भांडी घासतानाचे शिंतोडे त्यावर जाणार नाहीत. शेगडीच्या थेट वर तो नको, वाफ आणि तेल आत जातं. सिलिंडरशेजारी जमिनीलगत सॉकेट मुळीच नको. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की तो जमिनीलगत साठतो, आणि स्विचमधली बारीकशी ठिणगी त्याला पुरते. लहान मुलं असलेल्या घरात झडप असलेलं सॉकेट घ्या. अर्थची जाड पिन आत गेल्याशिवाय बाकीची दोन भोकं उघडत नाहीत, अशी त्याची रचना असते.

झिरी कशी मारायची हाही सुरक्षेचा भाग आहे. ती सरळ उभी किंवा सरळ आडवी असावी, तिरकी कधीही नको. उद्या कुणी तसबिरीसाठी खिळा ठोकेल तेव्हा बोर्डाच्या वर-खाली वायर असणार एवढा अंदाज त्याला बांधता येतो. तिरक्या वायरचा अंदाज कुणालाच येत नाही. विटांच्या भिंतीत उभी झिरी जाडीच्या एक-तृतीयांशापेक्षा आणि आडवी एक-षष्ठांशापेक्षा खोल नसावी, असं बांधकामाचं मानक सांगतं. आता हिशेब करा: चार इंची भिंतीचा एक-षष्ठांश म्हणजे सतरा मिलिमीटर, आणि साधा पाइप असतो वीस ते पंचवीस मिलिमीटरचा. म्हणजे चार इंची भिंतीत लांब आडवी झिरी मारायचीच नाही. वरून उभी उतरायची, किंवा सरळ बाहेरून केसिंग पट्टी मारायची. पट्टी दिसायला बरी दिसत नाही म्हणून लोक नको म्हणतात. पण ती उघडता येते, कोरडी राहते, आणि ओल्या भिंतींच्या आपल्या भागात तिच्यासारखी सुरक्षित गोष्ट नाही. कॉलम, बीम आणि स्लॅबला छिन्नी लावायची नाही, मग दोन फूट वळसा पडला तरी चालेल.

वायर ओढताना

काम सुरू होण्याआधी मेन बंद करा, आणि इन्व्हर्टरही बंद करा. आपल्याकडे पावसात वीज जाते म्हणून घरोघरी इन्व्हर्टर आहेत. मेन पाडली की इन्व्हर्टर आपोआप चालू होतो आणि भिंतीतली अर्धी वायरिंग जिवंतच राहते. छतावर सोलर असेल तर तेही बंद करा. मेनवर चिकटपट्टी लावून "काम चालू आहे, हात लावू नये" असं लिहा. माडीवरून आलेल्या कुणी टीव्ही बंद पडला म्हणून मेन टाकली, असं घडतं.

वायर मोजूनमापून घ्यावी, अंदाजाने नव्हे. ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटला आणि १६ अँपिअरच्या पॉवर सॉकेटला वेगवेगळी वायर लागते. दिवे, पंखे, साधे प्लग मिळून एका लाईनवर दहापेक्षा जास्त पॉइंट किंवा ८०० वॅटपेक्षा जास्त भार नको, आणि पॉवरच्या एका लाईनवर दोनपेक्षा जास्त सॉकेट नकोत, हा वायरमनच्या कित्येक पिढ्यांनी पाळलेला नियम आहे. इंडक्शन शेगडी २००० वॅटची, म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर. ती साध्या सॉकेटवर रूपांतराचा प्लग लावून चालवली की सॉकेट तापणारच. पॉवरसाठी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, आणि एसी किंवा मोठ्या गिझरला भार आणि अंतर बघून चारची, थेट डीबीपासून, म्हणजे घरातल्या सगळ्या एमसीबी असतात त्या पेटीपासून, स्वतंत्र घ्यावी. वायरवर आयएस ६९४ आणि सॉकेटवर आयएस १२९३ हे मानकांचे आकडे व आयएसआयची खूण पाहून घ्या.

एमसीबी वारंवार पडते म्हणून मोठी एमसीबी बसवून घेणं ही या कामातली सगळ्यात महाग चूक. सोळाच्या जागी बत्तीसची बसवली की एमसीबी पडायची थांबते. पण त्यानंतर सगळ्यात आधी जळते ती वायर, आणि वायर भिंतीत आहे. नवा भार येणार असेल तर वीजबिलावरचा मंजूर भार बघा. तो पुरत नसेल तर भारवाढीचा अर्ज महावितरणकडे करा. मीटर हलवणं आणि सील उघडणं हे काम कुणा खासगी माणसाचं नाही.

पाइपच्या आत जोड नको. जुन्या बोर्डापासून नव्या बोर्डापर्यंत अखंड वायर ओढा. ती पुरत नसेल तर जुन्या बोर्डाचा डबा तसाच ठेवून त्यात कनेक्टर लावा आणि वर झाकण बसवा. झाकण भिंतीत दिसत राहील, राहू द्या. फेज आणि न्यूट्रल एकाच लाईनचे घ्या. जवळ पडतो म्हणून शेजारच्या बोर्डाचा न्यूट्रल घेतला तर आरसीसीबी (तिच्याबद्दल पुढे सांगतो) सारखी पडते, आणि मग कुणीतरी कंटाळून आरसीसीबीच काढून टाकतो.

आरसीसीबी आणि खोटं अर्थिंग

ही गोष्ट नीट समजून घ्या. एमसीबी वायरला वाचवते, माणसाला नाही. ओल्या अंगाचा रोध साधारण हजार ओहम धरला तर २३० व्होल्टला अंगातून पाव अँपिअरच्या आसपास करंट जातो. एवढ्याने हृदय थांबू शकतं, आणि सोळा अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी मात्र गेलेला आणि परत आलेला करंट सतत ताडून बघते, आणि फरक पडला की क्षणात लाईन तोडते. बोर्ड हलवताना डीबी उघडतोच. तेव्हा ती नसेल तर बसवून घ्या. तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा, पडली तरच ती जिवंत आहे.

खोपोलीतल्या एका घरी फ्रीजला हात लावला की मुंग्या येत. सॉकेट उघडलं तर अर्थच्या पिनेला अर्थिंगची वायर नव्हतीच. न्यूट्रलपासून बोटभर तुकडा घेऊन तो अर्थच्या पिनेला जोडून दिला होता. टेस्ट बल्ब लावला की तो झगझगीत पेटतो, घरमालकाला वाटतं अर्थिंग आलं. पण हा न्यूट्रल कुठे सैल झाला किंवा तुटला, की फ्रीजच्या सगळ्या पत्र्यावर २३० व्होल्ट येऊन बसतात. ही फसवणूक ओळखायची युक्ती आरसीसीबी असलेल्या घरात सोपी आहे. वायरमनला जुन्या पिवळ्या १०० वॅटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थ यांच्यात लावायला सांगा. खरं अर्थिंग असेल तर आरसीसीबी लगेच पडली पाहिजे. बल्ब शांतपणे पेटत राहिला आणि आरसीसीबी पडलीच नाही, तर सॉकेट उघडून बघायला सांगा. ही तपासणी घरच्यांनी स्वतः करायची नाही, पण करून घ्यायची आणि समोर उभं राहून बघायची.

सिमेंट भरण्याआधीचा अर्धा तास

गवंड्याला थांबवा. चहा द्या, पण घमेलं उचलू देऊ नका. आधी वायरमनकडून एवढं दाखवून घ्या. सॉकेट समोरून पाहताना अर्थ वर, फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे. स्विच बंद केला की उजव्या भोकातला टेस्टर विझला पाहिजे. तो विझत नसेल तर स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर आहे, म्हणजे स्विच बंद करूनही सॉकेट जिवंतच. इन्सुलेशनचा रोध ५०० व्होल्टच्या मेगरने किमान एक मेगओहम. अर्थिंग खरं. डीबीत नव्या लाईनच्या एमसीबीवर तिचं नाव लिहिलेलं.

मग मोबाइलने उघड्या झिरीचे फोटो काढा. मोजपट्टी भिंतीला लावून काढा, म्हणजे वायर जमिनीपासून किती आणि कोपऱ्यापासून किती हे दिसेल. त्यानंतर वायरमनकडून एका साध्या कागदावर लिहून घ्या: तारीख, कोणता बोर्ड कुठून कुठे नेला, वायरची जाडी आणि कंपनी, एमसीबीचा आकडा, मेगरचं माप, त्याचा परवाना क्रमांक आणि सही. ठेकेदाराकडून काम झालं असेल तर त्याचा टेस्ट रिपोर्ट आणि पक्कं बिल मागा. पन्नास-शंभर रुपये वाचवायला बिल सोडू नका. काम सदोष निघालं तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, आणि तिथे तोंडी गोष्टीपेक्षा हा कागद बोलतो.

भाड्याचं घर, नवी इमारत, विमा

भाडेकरूने भिंत फोडण्याआधी घरमालकाची लेखी संमती घ्यावी. व्हॉट्सॲपवरचा स्पष्ट होकारही नसल्यापेक्षा बरा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं हे घरमालकाचं कर्तव्य आहे. म्हणून सॉकेट काळवंडलं, शॉक बसतो, अशी तक्रार त्याला लेखी कळवा. कळवल्यावर त्याने दुर्लक्ष केलं तर जबाबदारी त्याच्याकडे झुकते. तुम्ही न सांगता स्वतःच फेरफार केला तर ती तुमच्याकडे येते.

नेरळ, कर्जत, खोपोलीला नव्या इमारतींमध्ये घर घेतलेल्यांनी एक लक्षात ठेवावं. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत कामातला दोष निघाला तर बांधकाम व्यावसायिकाने तो स्वखर्चाने तीस दिवसांत दुरुस्त करायचा असतो. ताबा मिळाल्या मिळाल्या तुम्ही सगळे बोर्ड हलवले, तर दोष मूळ वायरिंगचा की नंतरच्या कामाचा, हा वाद उभा राहतो. म्हणून हलवण्याआधीचे फोटो ठेवा, करारनामा वाचा. कॉलम-बीमला छिन्नी न लावण्याची अट त्यात बहुतेक असतेच. सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेतल्या मेन स्विचपर्यंतची वीजवाहिनी सोसायटीने बघायची, त्याच्या आतलं सगळं सदस्याचं.

घराचा विमा असेल तर आगीमुळे झालेलं नुकसान त्यात येतं. पण शॉर्ट सर्किटने जे उपकरण किंवा फिटिंग स्वतः जळालं, तेवढं सर्वसाधारणपणे वगळलेलं असतं. दाव्याच्या वेळी वायरिंग कुणी केलं हा प्रश्न येतो, आणि तेव्हाही तोच सहीचा कागद उपयोगी पडतो.

काही घडलंच तर

शॉक लागलेल्या माणसाला हात लावू नका. आधी मेन पाडा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला वायरपासून वेगळं करा. श्वास थांबला असेल तर छाती दाबत राहा आणि १०८ ला फोन करा. पेटलेल्या बोर्डावर पाणी ओतू नका. खांबावरचा किंवा मीटरचा दोष असेल तर महावितरणचा १९१२ हा क्रमांक आहे. अपघात गंभीर असेल तर जागा तशीच ठेवा, विद्युत निरीक्षकाला कळवलं जाईल याची खात्री करा. अपघाताचं कारण ठरवण्याचा अधिकार त्यांचा आहे.

खोपोलीच्या टाटांच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली, तेव्हापासून वीज ही या मातीला नवी नाही. घरात तिला वागवण्याची शिस्त मात्र आपल्यातल्या प्रत्येकाला आपल्याच घरात लावावी लागते.

कडाव बाजूच्या एका घरी मी काही वर्षांपूर्वी ओट्याचा बोर्ड हलवला. घरातल्या आजोबांनी माझ्याकडून वहीच्या पानावर नकाशा काढून घेतला. कुठल्या भिंतीत, किती उंचीवर, कुठून कुठे. तो डीबीच्या दाराला आतून चिकटवला. मागच्या वर्षी त्यांच्या सुनेचा फोन आला. मसाल्याची फळी ठोकायची होती, तिने आधी डीबी उघडून पान वाचलं, आणि फळी आठ इंच डावीकडे घेतली. "बरोबर केलं ना?" एवढंच तिला विचारायचं होतं.